निबंध मजकूर

बडोदे संस्थानात कायद्याला निबंध म्हणत. शाळेत गाईवर लिहितात तो हा निबंध नव्हे. वारसा, मालकी, दंड, रस्ता, पाणी अशा विषयांवर संस्थानने छापून जारी केलेला तो कायदा असे. संस्थान विलीन झाले, निबंध रद्द झाले, शब्द मात्र दस्तऐवजांत राहून गेला.

दुसरा शब्द मजकूर. वृत्तपत्राच्या कचेरीत मजकूर म्हणजे छापायचे लिखाण. वर शीर्षक, खाली मजकूर. जुन्या दस्तांत मात्र मजकूर म्हणजे वर सांगितलेला. मौजे मजकूर म्हणजे वर सांगितलेले गाव, साल मजकूर म्हणजे वर सांगितलेले वर्ष, आणि निबंध मजकूर म्हणजे वर सांगितलेला कायदा.

हे दोन्ही अर्थ मला ठाऊक होते. पुढची हकिकत वाचताना एवढे लक्षात ठेवावे.

मी नऊ वर्षे एका दैनिकाच्या मराठी आवृत्तीत डेस्कवर होतो. जाहीर नोटिसांचे पान माझ्याकडे असे. त्या पानावर चुका फार होत आणि दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्र छापावे लागे. वृत्तसंपादकांचा एक नियम होता: शुद्धिपत्रात चूक पुन्हा छापायची नाही. काल काय चुकले ते सांगू नये, बरोबर काय तेवढे सांगावे. त्यांचे म्हणणे असे की वाचक दुरुस्ती विसरतो आणि चूक लक्षात ठेवतो, तेव्हा आपण तिला दोनदा छापू नये.

त्याच काळात संध्याकाळी एका निवृत्त दप्तर-कारकुनाकडे मी मोडी शिकलो. आवृत्ती बंद पडली तेव्हा हीच विद्या उपयोगी आली. रावपुऱ्यात भाऊसाहेबांचे वकिलीचे कार्यालय होते. जमिनीच्या कज्ज्यात संस्थानकालीन मोडी कागद निघत आणि ते वाचणारे कमी होत चालले होते. भाऊसाहेबांनी मला एक टेबल दिले. तिथे मी एकतीस वर्षे बसलो. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ते मला 'पत्रकार' म्हणत, आणि त्यात थोडी टिंगल असे.

या धंद्यात नसलेल्यांसाठी थोडे सांगतो. दस्त लिहिणारा माणूस कायद्याचे लांबलचक नाव एकदाच लिहितो आणि पुढे कंसात घालतो, 'यात यापुढे ज्यास सदर कायदा असे म्हटले आहे'. त्यानंतर तो पानेच्या पाने फक्त 'सदर कायदा' लिहीत जातो. पुढचा दस्त लिहिणारा त्याहून आळशी असतो. तो लिहितो, 'सदर कायदा म्हणजे मागील दस्तात व्याख्या केलेला कायदा'. तिसरा सावध असतो. तो जोडतो, 'अथवा त्याऐवजी वेळोवेळी अमलात आलेला कोणताही कायदा'. चौथ्या दस्तापर्यंत मूळ कायदा कोणी पाहिलेला नसतो, आणि त्यावाचून कोणाचे काही अडलेलेही नसते.

कायदा रद्द होतो त्याला निरसन म्हणतात. पण रद्द करणारा नवा कायदा शेवटी दोन वाक्ये लिहून ठेवतो. जुन्या कायद्याचा उल्लेख जिथे असेल तिथे तो नव्याचा समजावा. आणि जुन्याखाली जे झाले ते झालेच आहे असे समजावे. भाऊसाहेब म्हणत, "पत्रकार, तुमच्याकडे पूर्णविराम आला की संपतं. आमच्याकडे मेलेला उठतो आणि नव्या नावाने सही करतो."

हे विनोदाने घ्यायचे असे मला वाटे. मग एकदा रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. त्यांच्या आजोबांना संस्थानच्या एका हुकुमाने त्यांच्या गावात पाऊल ठेवायची बंदी झाली होती. कशाबद्दल, ते हुकुमात नव्हते. मुदतही नव्हती. आजोबा गेले नाहीत, वडील गेले नाहीत, हेही गेले नव्हते. बंदी वंशजांनाही लागू होते का, एवढेच त्यांना विचारायचे होते. भाऊसाहेबांनी सांगितले की तो निबंध कधीच गेला. खुशाल जा, कोण विचारणार आहे?

"तेच तर," ते गृहस्थ म्हणाले. "कोण विचारणार आहे, हे मला कुठे माहीत आहे."

त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि ते गेले. पुन्हा आले नाहीत.

मालतीबाई शेलारांचे प्रकरण आले ते माझ्या नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत. बाई सत्तरीच्या होत्या. नवऱ्याचे पणजोबा संस्थानच्या पागेत शिपाई होते आणि मांजलपूर हे शेतांमधले खेडे होते तेव्हा त्यांना तिथे रस्त्याकडेला, विहिरीशेजारी, जागा मिळाली होती. आता त्या शेतांवर सोसायट्या उभ्या आहेत. विहीर बुजवून तिच्यावर वाहनतळ झाला आहे. एका सोसायटीच्या कुंपणाच्या आत, कोपऱ्यात, शेलारांच्या दोन खोल्या तेवढ्या उरल्या होत्या. नवरा दत्ताजी वारल्यावर मालतीबाई तिथे एकट्या राहत.

सोसायटीने त्यांना खोल्या रिकाम्या करण्याची नोटीस दिली होती. कारण एका परिच्छेदात होते. शेलारांचा राहण्याचा हक्क 'सदर निबंधा'खाली पाणी-चाकरी चालू असेपर्यंतच आहे. ती चाकरी खंडित झाल्याने हक्क संपला आहे. सोबत मोबाइलवर काढलेला फोटो जोडला होता. फोटोत एक रिकामे माटलं, म्हणजे पाण्याचा मातीचा माठ, होते.

पाणी-चाकरी म्हणजे वाटसरूंसाठी रोज पाणी भरून ठेवणे. मालतीबाई कंबरेचे हाड मोडून सहा आठवडे इस्पितळात होत्या. तेवढे दिवस माटलं कोरडे होते.

"सहा आठवडे," भाऊसाहेब म्हणाले. "निबंधात सूट काय आहे ते बघा. आजारपण, सुतक, काहीतरी असेलच. निबंध काढा, पत्रकार."

मी निबंध शोधायला लागलो. नोटिशीत लिहिले होते, 'सदर निबंध म्हणजे सोसायटीच्या पोटनियमांत व्याख्या केलेला निबंध'. पोटनियम मिळवले. तिथे होते, 'सदर निबंध म्हणजे खरेदीखतात व्याख्या केलेला निबंध, अथवा त्याऐवजी अमलात आलेला कोणताही कायदा'. खरेदीखत काढले. तिथे प्रथमच नाव सापडले: 'पाणी-चाकरी निबंध (यात यापुढे ज्यास सदर निबंध असे म्हटले आहे)'. खरेदीखताचा आधार महसुली कचेरीतला एक जुना हुकूम होता. त्यात अधिकाऱ्याने लिहिले होते की पाणी-चाकरी निबंध संस्थानच्या विलीनीकरणानंतर निरसित झाला असला, तरी त्याखालील हक्क व कर्तव्ये कायम आहेत.

मग मी संस्थानच्या निबंधांचे छापील खंड काढले. सूची पाहिली, मग सूचीवर विश्वास न ठेवता खंड पानोपान पाहिले. त्याला तीन आठवडे लागले. पाटबंधाऱ्यांवर निबंध होता, विहिरींवर होता, चाकरीच्या जमिनींवर होता. पाणी-चाकरी निबंध नव्हता. त्याला दुरुस्ती नव्हती, त्याचे निरसन करणारी ओळ नव्हती. एका सरकारी हुकुमात ज्याच्या मृत्यूची नोंद होती, त्याच्या जन्माची नोंद कुठेही नव्हती.

मी मांजलपूरला गेलो. कोणाकडे निबंधाची छापील प्रत असेल तर ती शेलारांच्याच घरी असणार होती.

मालतीबाई काठी टेकून दारात उभ्या होत्या. कुंपणाच्या भिंतीला लागून एक दगडी कट्टा होता. गुजरातीत पाण्याची भांडी ठेवायच्या जागेला पाणियारं म्हणतात, त्यातलाच तो प्रकार. त्यावर झाकण घातलेली स्टीलची टाकी आणि पालथे घातलेले एक भांडे. मातीचे माटलं सोसायटीने काढून नेले होते, म्हणून त्यांनी घरातली टाकी मांडली होती.

"बसा ने, भाऊ," त्या म्हणाल्या. "चहा मूकते."

आजूबाजूच्या साठ घरांत पाण्याची गाळणयंत्रे होती. रस्ता कुंपणाबाहेर गेला होता. वाटसरू उरला नव्हता. तरी तीसएक वर्षे, आधी नवऱ्याने आणि नंतर त्यांनी, रोज पहाटे पाणी भरले होते. दत्ताजींनी जुन्या कागदाचे भाषांतर करून घेतल्यावर हा नेम लागला होता. त्याआधी घरात असे काही नव्हते. कागदात आहे, म्हणून ते करायचे. त्यांची मुलगी देवासला दिली आहे. तिच्या दोन्ही बाळंतपणांना त्या गेल्या नाहीत. मोठी नात त्यांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती पाच वर्षांची होती.

दुसऱ्या कोणी भरले असते तर चालले नसते का, असे मी विचारले.

"चालतं असं कुठे लिहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने, विषय बदलावा तसे, त्यांनी सांगितले की पाणी रोज दोन भांडी कमी होते. पितो कोण, ते त्यांनी कधी पाहिले नाही. भांडे तर कोरडेच असते.

माती पाझरते, मी म्हणालो. माटल्यातले पाणी उडते.

"ते माटलं होतं तेव्हा," त्या म्हणाल्या.

निबंधाची प्रत त्यांच्याकडे नव्हती. पण शेजारच्या जुन्या वस्तीतले बापूकाका तो तोंडपाठ म्हणतात, असे त्यांनी सांगितले. बापूकाका नव्वदीला टेकलेले होते. खाटेवर बसून त्यांनी मला सांगितले की त्यांच्या आजोबांनी तो निबंध विहिरीजवळ दवंडी पिटताना ऐकला होता. तारीख आठवत नव्हती, दवंडीवाल्याचा पटका आठवत होता. मग त्यांनी डोळे मिटले आणि एका दमात म्हटले:

"धारकाने वाटसरूंस पाण्याचा अखंडित पुरवठा करावा. पुरवठा खंडित झाल्यास धारकाचा वास खंडित समजावा."

मी वहीत लिहून घेत होतो. 'अखंडित पुरवठा' लिहिताना हात थांबला.

बापूकाका खोटे बोलत नव्हते. कोर्टात साक्षीदार खोटे बोलताना मी पुष्कळ पाहिले आहेत. ते डोळे मिटत नाहीत. पण संस्थानच्या निबंधात 'अखंडित पुरवठा' असू शकत नाही. ती दफ्तरी भाषाच नव्हे. ती वृत्तपत्राची भाषा आहे. 'शहरास अखंडित पाणीपुरवठा', 'पाणीपुरवठा दोन दिवस खंडित': ही शीर्षके मी नऊ वर्षे लावली होती.

परत येताना रिक्षात मी ते वाक्य चार-पाच वेळा वाचले. प्रत्येक वेळी ते जास्त ओळखीचे वाटले.

महसुली हुकुमाला जोडलेले कागद आम्ही मागवले होते, पण मी हुकुमापाशीच थांबलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गठ्ठ्याच्या तळाशी गेलो. शेवटून दुसरा कागद शेलारांना जागा देणाऱ्या सनदेच्या मोडी पानाची छायाप्रत होता. शेवटचा कागद त्याचे भाषांतर होता. टंकलिखित, एक पान. मध्यावर ते वाक्य होते, बापूकाकांनी म्हटले तसेच. वर शीर्षकासारखे, अधोरेखित: 'पाणी-चाकरी निबंध'. खाली भाषांतरकाराची सही. सही माझी होती.

तो माझा भाऊसाहेबांकडचा पहिला पावसाळा असणार. बाहेरच्या एका वकिलाचा मुनशी सुटी पाने आणून देई आणि संध्याकाळी भाषांतरे घेऊन जाई. पक्षकारांची नावे मी विचारत नसे. मोडीत आधी पानभर आडव्या रेघा ओढतात आणि मग त्यांना अक्षरे टांगत जातात. शब्द तोडत नाहीत. त्या पानाची पहिली ओळ अशी होती:

पाणीचाकरीनिबंधमजकुराप्रमाणेघेण्याची

आणि पुढे, एका शब्दापुरते, कसरीने खाल्लेले भोक.

नऊ वर्षे डेस्कवर काढलेल्या माणसाला पानाच्या माथ्यावर काय दिसते? शीर्षक दिसते. मी 'पाणी-चाकरी निबंध' हे शीर्षक वाचले, 'मजकूर' म्हणजे त्याखालचे लिखाण समजलो आणि भोकात 'आहे' भरले. पाणी-चाकरी निबंधातील मजकुराप्रमाणे चाकरी घेण्याची आहे. पुढच्या दोन-तीन तुटक ओळींतून, मोडक्या बातमीची बातमी करतात तशी, मी 'अखंडित पुरवठ्या'ची वाक्ये जुळवली. अर्ध्या तासात एक कायदा तयार झाला होता. त्यात शिक्षेचे कलमही होते.

मी भाऊसाहेबांपुढे तो कागद ठेवला. त्यांनी सही पाहिली, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मला वाटले ते रागावतील.

"मजकूर म्हणजे वर सांगितलेला," ते म्हणाले. "पानाच्या पहिल्या ओळीत मजकूर आलाय. वर काय सांगितलंय?"

वर काही नाही, मी म्हणालो. वर कोरा कागद आहे.

"कोरा नाही. हे दुसरं पान आहे, पत्रकार. पहिलं कुठंय?"

तीस वर्षांपूर्वी हा प्रश्न मी विचारायला हवा होता. मजकूर हा मागे बोट दाखवणारा शब्द आहे. मी बोट पाहिले, मागे पाहिले नाही.

मालतीबाईंना फोन केला. सनदेचे दोन तुकडे वाटणीत झाले होते, असे त्यांना अंधुक आठवत होते. एक त्यांच्याकडे, एक डभोईच्या दिराकडे. दीर वारले होते. त्यांचा मुलगा विलास डभोईत शेतीच्या पंपांचे दुकान चालवत होता. मी बसने गेलो. विलास मराठी समजत होता, बोलत गुजराती होता. कागद वगैरे काही नाही, त्याने सांगितले. मग गल्ल्यामागच्या भिंतीकडे बोट दाखवले. देवांच्या तसबिरींच्या रांगेत एक चौकट होती. काचेमागे संस्थानच्या शिक्क्याचे एक पान होते. शिक्का आहे म्हणून त्याच्या वडिलांनी ते मढवले होते आणि रोज उदबत्ती ओवाळत. अक्षरे कोणाला वाचता येत नव्हती. धुराने काच पिवळी पडली होती.

विलासने चौकट उतरवली. मी दुकानाच्या पायरीवर बसून वाचू लागलो. पानात लिहिले होते की घराच्या जागांचा जो निबंध संस्थानने जारी केला आहे, त्याप्रमाणे ही जागा शेलारांस वंशपरंपरेने दिली आहे. हा निबंध छापील खंडात होता; मी त्याच्या पानावरून तीन आठवड्यांत दोनदा गेलो होतो. शेवटची ओळ पानाच्या कडेशी तुटली होती: 'यांजपासून कोणतेही प्रकारची'.

मी छायाप्रत काढून काचेखाली धरली. पहिले पान संपते तिथून दुसरे सुरू होत होते. यांजपासून कोणतेही प्रकारची पाणी-चाकरी, निबंध मजकुराप्रमाणे, घेण्याची... आणि भोक. 'कोणतेही प्रकारची' असे सुरू झालेल्या वाक्यात त्या भोकात एकच शब्द बसतो. नाही.

वर सांगितलेल्या निबंधानुसार शेलारांकडून पाणी-चाकरी घेण्याची नव्हती. सनद त्यांना त्यातूनच मोकळे करत होती.

"कंई काम नुं छे?" विलासने विचारले. काही कामाचे आहे का?

आहे, मी म्हणालो.

भाऊसाहेबांनी मला प्रतिज्ञापत्राचा मसुदा स्वतः करायला सांगितले. सही करण्याआधी त्यांनी एकदाच बजावले, की हे दिले म्हणजे तुमचे एक भाषांतर चुकले एवढेच होणार नाही; तुम्ही केलेले प्रत्येक पान उद्या कोणीतरी पुढे धरील. मी सही केली.

उलटतपासणी सोसायटीच्या वकिलांनी शांतपणे घेतली. तीस वर्षांपूर्वी मी खोटे लिहिले होते की आता खोटे बोलत आहे, असे त्यांनी विचारले. तेव्हा चुकीचे लिहिले होते, मी सांगितले. आताचे बरोबर कशावरून? आता पहिले पान आहे. बापूकाकांनी दवंडी ऐकल्याचे सांगितले त्याचे काय? ते वाक्य माझे आहे एवढे मी सांगू शकलो. ते नव्वदीच्या माणसाच्या आजोबांपर्यंत कसे पोहोचले, हे मला अजून समजलेले नाही. बाकावर बसलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मान हलवली. त्यांना राग आलेला दिसला नाही. आपण वर्षानुवर्षे ज्याच्या आधारे नोटिसा लिहिल्या ते काय होते, हे समजून घ्यायचा ते प्रयत्न करत होते.

हुकूम मालतीबाईंच्या बाजूने झाला. खोल्या त्यांच्या, वारसाहक्काने, कोणत्याही चाकरीशिवाय. त्यानंतर माझ्याकडे भाषांतराचे काम आले नाही. जी पाने आधी केली होती त्यांतली काही परत तपासायला आली, त्यांतली दोन चुकीची निघाली. मी त्या वर्षाअखेर टेबल सोडले.

हुकुमाची नक्कल घेऊन मीच मांजलपूरला गेलो. हुकूम गुजरातीत होता. त्या ऐकत होत्या आणि मी मराठीत सांगत गेलो. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले, "म्हणजे उद्यापासून नाही भरलं तर?"

काही होणार नाही, मी म्हणालो. कधीच काही होणार नव्हते.

दुसरे वाक्य मी बोलायला नको होते. त्यांनी कट्ट्यावरचे भांडे उचलले, आतून पुसले आणि पालथे घातले. मग म्हणाल्या, "देवासला जाऊन येते." दुसऱ्या आठवड्यात त्या गेल्या. टाकी रिकामी करून, पालथी घालून गेल्या, असे त्यांनी फोनवर सांगितले.

आठवड्यापूर्वी, हा लेख लिहायचे ठरल्यावर, मी त्यांना भेटायला गेलो. त्या देवासहून महिन्याभरातच परतल्या होत्या. टाकी पाणियाऱ्यावर होती, झाकण लावलेली. शेजारी भांडे.

मी काही विचारण्याआधीच त्यांनी आतून हुकुमाची नक्कल आणली. जावयाने ती त्यांना शब्दशः वाचून दाखवली होती. त्यांनी तिसऱ्या पानावर बोट ठेवले. तिथे न्यायालयाने लिहिले होते: पाणी-चाकरी निबंध (यात यापुढे ज्यास सदर निबंध असे म्हटले आहे) या नावाचा कोणताही कायदा संस्थानात अस्तित्वात असल्याचे दिसून येत नाही. त्यापुढे आणखी अकरा ठिकाणी 'सदर निबंध' होते. मी भाषांतर करताना ते कंस गाळले होते. सवयीने. शुद्धिपत्रात चूक पुन्हा छापायची नाही.

"कोर्टाचा शिक्का आहे खाली," त्या म्हणाल्या.

नाही म्हणायचे तरी नाव घ्यावे लागते, मी समजावले. दस्ताची पद्धत आहे ती. नाव दिले म्हणजे वस्तू आहे असे होत नाही.

"तसं नसतं, भाऊ," मालतीबाई म्हणाल्या. "आमच्याकडे बारशाआधी गेलेल्या पोराचं नाव ठेवत नाहीत. ठेवलं की ते घर सोडत नाही."

मग त्यांनी मला पाणी हवे का विचारले. मी नको म्हणालो. त्या आत गेल्यावर मी झाकण उचलून पाहिले. पहाटे काठोकाठ भरते, असे त्यांनी सांगितले होते. उन्हाची वेळ नव्हती, टाकी स्टीलची होती, कट्टा कोरडा होता, भांडे कोरडे होते. पाणी दोन भांडी कमी होते.

मी झाकण ठेवले. याला काय म्हणायचे, ते मी लिहिणार नाही.